मी बघते

सुगत इंगळेच्या डाव्या खांद्यावर कढत पाण्याची बादली उपडी झाली, तेव्हा त्याच्या कवटीच्या हाडात बसवलेलं यंत्र नीट चालू होतं. झटका येणार हे त्यानं सहा मिनिटं आधी ओळखलं होतं. नियमाप्रमाणे सूचना पाठवली होती. सूचना मिळाल्याची पोचही त्याच्याकडे आली होती. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या कंपनीनं तपासणी करून जे कळवलं, त्यात महत्त्वाचं वाक्य एकच होतं : बिघाड आढळला नाही.

सुगतची थोरली बहीण प्रांजली याच कंपनीत होती. यंत्रातल्या प्रोग्रामचा जो भाग सूचना पाठवतो, तो तिनंच लिहिला होता. अमरावतीच्या बसमध्ये तिनं ते वाक्य वाचलं आणि तिला हायसं वाटलं. भाऊ भाजलेला असताना आपल्याला हायसं वाटतंय, हे लक्षात आल्यावर तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला.

वॉर्डात सुगत औषधाच्या गुंगीत होता. खांद्यापासून कोपरापर्यंत बँडेज होतं. पायाशी स्टुलावर त्याची बायको उत्पला बसली होती. दोघांच्या लग्नाला नुकतंच वर्ष झालं होतं.

"जेवलीस का?" प्रांजलीनं विचारलं.

"मी हॉलमध्ये होते," उत्पला म्हणाली. "चटणी वाटत होते. मिक्सर चालू होता. बाथरूमचं दार हॉलातच उघडतं, ताई. मिक्सर बंद केला तेव्हा पाण्याचा आवाज येत होता, म्हणून मी दुसरं भांडं लावलं."

प्रांजली पलंगाच्या कडेला टेकली.

"एक विचारू? हे चालू आहे ना?" उत्पलानं उजवा हात पुढे केला. मनगटात कंपनीचं राखाडी कडं होतं. लग्नाच्या आठवड्यात प्रांजलीनं स्वतःच ते तिच्या हातात घातलं होतं आणि तिचं नाव यंत्राशी जोडून दिलं होतं. "वर्षभरात हे एकदाही वाजलं नाही. मला वाटलं, आता झटके बंदच झाले. माझ्या आईलाही मी तसंच सांगितलं. काल तुमच्या आई आल्या तर डॉक्टरांना म्हणाल्या, महिन्यातून एकदोनदा तरी होतंच."

प्रांजलीनं कडं पाहिलं. बॅटरी भरलेली होती. जोडणीचा हिरवा ठिपका दिसत होता.

"चालू आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात डबा घेऊन सुलोचनाबाई आल्या. सुगत-प्रांजलीची आई. एसटीत सव्वीस वर्षं कंडक्टर होत्या. विजेच्या नव्या गाड्यांमध्ये कंडक्टर नको असं ठरलं, तेव्हा त्यांना घरी बसावं लागलं. त्यांनी डबा खिडकीत ठेवला, मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "पोळ्या आहेत. ज्याचं त्यानं घ्या." मग प्रांजलीला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं.

"तुले म्हणून सांगते. पोरगी कामाची आहे, शिकेल आहे, सगळं आहे. पण काळीज नाई तिले."

"आई, हळू बोल."

"हळूच बोलून राह्यली. वर्षभर माह्या हातातलं कडं वाजते, तसं तिच्याही हातातलं वाजतच असन ना? एकदा तरी फोन करून विचारावं, आई, तुम्हाले कळलं का, काय करू? नाई. मी इकडून फोन करते, सुगत, बस खाली. तो बसते. अन् ही बाजूच्या खोलीत. काल मी बडनेऱ्याले बारशाले गेली होती. कडं वाजलं, मी दाबलं, सुगतले फोन लावला, तो उचलेना. मनात म्हटलं, जाऊ दे, उत्पला तं घरीच आहे, तिले कळलंच असन." त्यांनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "तिनं मिक्सर लावला."

दहा मिनिटांच्या आत दोघींनी दोन वाक्यं सांगितली होती, एकीचं कडं वर्षभर वाजत होतं आणि दुसरीचं एकदाही वाजलं नव्हतं, आणि दोन्ही खरी होती. प्रांजलीला त्या जागी उभ्या उभ्या सगळं कळलं. बिघाड नव्हताच. यंत्रानं तिनं लिहिलं होतं तसंच, अक्षरशः तसंच केलं होतं.

*

मेंदूतल्या पेशी एरवी आपापसांत वेगवेगळं कुजबुजत असतात. अपस्मारात एका भागातल्या पेशी हळूहळू एकाच ठेक्यात यायला लागतात आणि मग तो ठेका सगळीकडे पसरतो. हाच झटका. ठेका जमायला काही मिनिटं लागतात. 'प्रहरी' नावाचं हे यंत्र केसाइतक्या बारीक तारांनी त्या भागावर कान ठेवून असतं. ठेका जमतोय असं दिसलं की ते उलट्या लयीचा एक क्षीण विद्युत्स्पंद सोडतं आणि दहापैकी नऊ वेळा ठेका मोडतो. तो माणूस चहा पीत राहतो. त्याला काही कळतही नाही. दहाव्या वेळी ठेका मोडत नाही. तेव्हा कुणाला तरी सांगावं लागतं.

हे सांगण्याचं काम कर्नल करतो. कर्नल म्हणजे यंत्राच्या प्रोग्रामचा सगळ्यात आतला भाग. कुठल्या तारेकडून काय आलं आणि ते कुणाला द्यायचं, हे तो ठरवतो. कर्नलनं दर क्षणाला प्रत्येक तारेला 'काही झालं का, काही झालं का' असं विचारत बसायचं नसतं. त्यात बॅटरी संपते. तारच त्याला हाक मारते. नोकरी लागल्यावर प्रांजलीनं हे आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, तेव्हा आईनंच ते सोपं केलं होतं. जुन्या एसटीत ड्रायव्हर मागं वळून बघत नसे. कुणाला उतरायचं असलं की कंडक्टर दोरी ओढे. एक घंटी झाली की थांब, दोन झाल्या की चल. ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर, कान घंटीवर.

"म्हणजे तू डोक्यात घंटी बसवते," सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या.

"घंटी दुसरे लोक बसवतात. घंटी वाजली की काय करायचं, ते मी लिहिते. त्याला ड्रायव्हर म्हणतात."

"घ्या. माय कंडक्टर अन् पोरगी ड्रायव्हर. बापानं तेवढं तिकीट काढलं असतं तं गाडी भरली असती."

घंटी वाजल्यावर काय करायचं, यावर कंपनीत पहिल्या वर्षी बराच घोळ झाला होता. आधी सूचना एकाच वेळी सगळ्या नातेवाइकांना जात असे. वर्ध्यातल्या एका आजोबांच्या वेळी दोन मुलगे, सुना, जावई, पुतण्या अशी सगळी मंडळी वेगवेगळ्या गाड्यांनी थेट दवाखान्यात पोचली आणि तिथं एकमेकांना विचारू लागली की बाबा कुठे आहेत. बाबा घरीच होते, खुर्चीत, एकटे. प्रत्येकाला वाटलं होतं की त्यांच्यापाशी दुसरं कुणीतरी असेल.

म्हणून प्रांजलीनं साखळी लिहिली. कर्नलमध्ये अशा साखळ्या पूर्वीपासून असतात. तिनं तीच पद्धत घेतली. नोंदवलेल्या माणसांची एक ओळ. सूचना पहिल्याकडे जाते. त्यानं चाळीस सेकंदांत काही केलं नाही, तर दुसऱ्याकडे. मग तिसऱ्याकडे. शेवटी दवाखान्याच्या कक्षाकडे. ज्याला जबाबदारी घ्यायची आहे, त्यानं कड्यावरचं 'मी बघते' किंवा 'मी बघतो' दाबायचं. कुणीतरी घेतली की काम झालं. साखळी तिथंच थांबते. पुढच्यांना त्रास नाही, गोंधळ नाही.

ओळीत पहिलं कोण, हा प्रश्न चहाच्या वेळी निघाला. प्रांजलीचे वरिष्ठ लोखंडे सर म्हणाले, "लग्नपत्रिकेत कसं छापतो आपण? मोठ्यांपासून. तसंच ठेवा." सगळे हसले. कुणालाच त्यात काही खटकलं नाही. वयाप्रमाणे उतरता क्रम, असा नियम प्रोग्राममध्ये गेला आणि त्यानंतर त्याच्याकडे कुणी पुन्हा पाहिलं नाही.

सुगतच्या साखळीत पहिली आई होती, दुसरी उत्पला. आणि आईनं पाच वर्षांत एकदाही चाळीस सेकंद जाऊ दिले नव्हते.

*

सुगत घरी आला त्या दिवशी उत्पलानं प्रांजलीला भाजी निवडायला बसवलं आणि सरळ सांगितलं.

"पुढच्या महिन्यात धारणीला रुजू व्हायचंय त्याला. आश्रमशाळेत विज्ञान शिक्षक. चार वर्षं ह्या जागेसाठी थांबलाय तो, तुम्हाला माहीत आहे. मीही बदली मागितली होती, मिळाली. घर पाहिलंय. पण आता मी जाणार नाही."

"का?"

"मेळघाटात मोठा दवाखाना दोन तासांवर. मी त्याच्याजवळ असणार आणि कळणार अमरावतीत आईंना. त्या दाबणार, त्या फोन लावणार, तो उचलणार नाही. मी पलीकडे बसून ऑफिसचे कागद बघत असेन. असं वर्ष मी काढलं, ते मला माहीत नव्हतं म्हणून काढलं. आता माहीत आहे."

"मग तो एकटा जाईल."

"एकटा तो जाणार नाही. आईच जाऊ देणार नाहीत. म्हणजे नोकरी गेली." उत्पलानं मेथीची जुडी सोडली. "मला पहिलं करा, ताई. बाकी माझं काही म्हणणं नाही."

साखळीतला क्रम बदलायचा, तर ज्याचा क्रम खाली जातो त्याची संमती लागत असे. कड्यावर प्रश्न येई, 'जागा सोडता का?' आणि त्यावर अंगठा ठेवावा लागे. वैद्यकीय उपकरणांच्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं : जो माणूस एखाद्या सूचनेवर अवलंबून आहे, त्याला न सांगता ती बंद करता येणार नाही.

प्रांजलीनं गॅलरीत जाऊन लोखंडे सरांना फोन केला.

"आईंना विचारायची काय गरज?" सर म्हणाले. "दुरुस्तीची चावी आहे ना तुझ्याकडे. लाव, खालीवर कर, मोकळी हो. पाच मिनिटांचं काम. त्यांना कळणारही नाही."

"हो, कळणार नाही," प्रांजली म्हणाली.

तिनं लॅपटॉप उघडला. चावी लावली. पडद्यावर तीन ओळी आल्या : आई, उत्पला, दवाखाना. पहिली ओळ बोटानं खाली ओढायची होती. तिनं ती ओढली नाही. तिनं पुढचे परिणाम क्रमानं मांडून पाहिले, तशी तिला सवयच होती. उत्पला पहिली झाली की ती दाबणार. साखळी थांबणार. आईचं कडं गप्प होणार. आईला वाटणार, पोराचे झटके बंद झाले. ती शेजारणींना तसं सांगणार. आणि कधीतरी कुणीतरी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिला खरं सांगणार. उत्पलाच्या बाबतीत जे चुकून झालं, तेच आईच्या बाबतीत मुद्दाम करायचं, एवढाच फरक होता.

तिनं चावी काढली आणि आईला फोन करून संध्याकाळी सुगतच्या घरी बोलावलं.

*

सुलोचनाबाई सोफ्याच्या कडेला बसल्या. उत्पला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सुगत हात उशीवर टेकून पलंगावर होता. तिथून त्याला सगळे दिसत होते.

"मी एक खोटी सूचना सोडते," प्रांजली म्हणाली. "सुगतला काही होणार नाही. फक्त कडी काय करतात ते बघायचं."

तिनं कळ दाबली. सुलोचनाबाईंचं कडं थरथरलं. त्यांचा अंगठा कड्यावर जाऊन परतही आला, प्रांजलीनं मान वर करायच्या आत.

"दाबलं?"

"मंग? वाजलं तं दाबणारच."

"उत्पला, तुझं?"

"काही नाही."

"सुरू तं आहे ना ते?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"आता पुन्हा सोडते. आई, या वेळी दाबू नको."

"वाजलं तरी?"

"वाजलं तरी."

कडं थरथरलं. सुलोचनाबाईंनी डाव्या हातानं उजवं मनगट झाकलं, जणू हात आपणहून काहीतरी करील.  भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्ध्याहून जास्त फेरा फिरला. मग उत्पला एकदम दचकली आणि तिनं हात झटकला.

"आई गं." ती मनगटाकडे बघत राहिली. "असं वाटतं होय हे?"

सुलोचनाबाई उठल्या. सुनेजवळ गेल्या आणि तिच्या थरथरणाऱ्या कड्यावर बोट ठेवून त्यांनी ते स्वतः अनुभवलं.

"तुले हे एकदाही...?"

"एकदाही नाही."

"मी दाबलं की तुह्यं वाजतच नाई?"

"नाही, आई," प्रांजली म्हणाली. "तू 'मी बघते' म्हणालीस की यंत्राला वाटतं, झालं. ते पुढे कुणाला सांगत नाही. मी तसं लिहिलंय."

"मले वाटे, सगळ्याइले कळते, अन् मी फक्त म्हणते की बाबा हो, मी पाहून राह्यली, घाबरू नका." त्या पुन्हा बसल्या. "वर्षभर मी हिले काय काय म्हटलं. तोंडावर नाई म्हटलं. मनात म्हटलं. कुसुमजवळ म्हटलं."

"मावशींजवळ पण?" उत्पला म्हणाली.

"हो."

पलंगावरून हसल्यासारखा आवाज आला. सुगत हसत होता, पण चेहरा हसरा नव्हता.

"मला काय वाटायचं सांगू? आईचा फोन यायचा, 'बस.' मी बसायचो. पाच-दहा मिनिटं डोकं सुन्न. उत्पला तिथंच कपड्यांच्या घड्या करत असायची, नाहीतर फोनवर बोलत असायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, हिला कळलंय. पण मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ही मुद्दाम बघत नाही." त्यानं उत्पलाकडे पाहिलं. "मला ते फार आवडायचं तुझं."

"मी खरंच बघत नव्हते रे," उत्पला म्हणाली.

एकाच शांततेचे तिघांनी तीन अर्थ लावले होते. आईनं दगडाचं काळीज, नवऱ्यानं माया आणि बायकोनं बरी झालेली तब्येत. यंत्राच्या दृष्टीनं तो फक्त एक परतीचा आकडा होता : शून्य म्हणजे पुढे जा, एक म्हणजे थांब.

"तुम्ही मला एकदा विचारायचं होतं," उत्पला म्हणाली.

"तू मले विचारायचं होतं."

"काय विचारणार? काही झालंच नाही, तर काय विचारणार?"

 सुलोचनाबाईंनी वेगळाच प्रश्न केला आणि तो सुनेला नाही, मुलीला केला.

"बडनेऱ्याले मी दाबलं नसतं तं?"

प्रांजलीला मोघम उत्तर देता आलं असतं. तिनं आईकडे पाहिलं. "चाळीस सेकंदांनी उत्पलाला कळलं असतं. त्यानंतर पाच मिनिटं उरली असती."

"बाथरूम किती लांब आहे त्या मिक्सरपासून?"

"हॉलातच आहे, आई," सुगत म्हणाला. "पण आता ते कशाला?"

सुलोचनाबाईंनी कड्याकडे पाहिलं. "इकडे आण ते तुह्यं मशीन. माही जागा खाली करायची असन तं काय विचारते ते विचार."

"थांब," सुगत म्हणाला. "ताई, या ओळीत मी कुठे आहे?"

"तू नाहीस."

"का?"

"सूचना तुझ्याबद्दल असते. तुला नसते." हे उत्तर बरोबर होतं, आणि म्हणताना तिला ते ऐकवेना. तिनं कारण सांगितलं. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये रुग्णांना आधी कळवलं, तर ते घाबरत. घाबरलं की मेंदूतला ठेका अजून लवकर जमे. म्हणून रुग्णांना वगळलं होतं.

"ते नवीन होते. मला पाच वर्षं झाली. शिवाय मला फोनवरून 'बस' म्हटलेलं चालतं, तर कड्यानं म्हटलेलं का नाही? धारणीत मी वर्गात उभा असेन, चाळीस पोरांसमोर. उत्पला तिच्या ऑफिसात. पहिलं मला सांग. मी खाली बसतो."

"तू 'मी बघतो' दाबून मोकळा होशील," उत्पला म्हणाली. "कुणाला त्रास नको म्हणून. तू तसाच आहेस."

"दाबीन कदाचित."

"मग झालं ना पुन्हा तेच!"

दोघी प्रांजलीकडे बघू लागल्या. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला होता, पण काही लिहीत नव्हती. "दाबल्यावर साखळी थांबते, हे बदलावं लागेल," ती म्हणाली. "धावून एकच जण जाईल. पण कोण जातंय, हे सगळ्यांना दिसेल. 'सुगत बघतो आहे.' 'उत्पला बघते आहे.' एवढंच. तो दाबेल, तर तुला दिसेल की त्यानं दाबलं. मग तुला काय करायचं ते तू ठरव."

"अन् मी?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"तू तिसरी. सुगत, उत्पला, तू. तुलाही दिसेल. पण तुला नाव दिसलं, म्हणजे त्याआधी कुणीतरी घेतलेलं असेल."

"म्हणजे मले फक्त वाचाचं."

"हो."

"पत्रिकेत नाव खाली गेलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "तू दाबशील ना गं? झोपेत असली तरी?"

"दाबीन."

"मी झोपेतही दाबे."

"माहीत आहे, आई. आत्ताच पाहिलं मी."

कड्यावर प्रश्न आला. सुलोचनाबाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि अंगठा ठेवला.

*

नवा प्रोग्राम लगेच सगळ्यांना देता आला नाही. लोखंडे सरांचं म्हणणं होतं की वर्ध्याचा गोंधळ पुन्हा होईल. दिसलं की माणसं धावतात, फक्त वाचून कुणी बसत नाही. प्रांजलीचं म्हणणं होतं की अशा किती घरांत सगळ्यात मोठं माणूस सूचना गिळून बसलं असेल, ते आपल्याला माहीत नाही, आणि आपली तपासणी 'बिघाड आढळला नाही' असंच म्हणत राहील. सहा महिने काही घरांत प्रयोग करायचा, असं ठरलं. पहिलं घर धारणीचं होतं.

सुगत आणि उत्पला तिथं राहायला गेले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. सुगतच्या हातालाही आता कडं होतं आणि मुलांनी त्याला ते काय आहे विचारल्यावर त्यानं एक अख्खा तास मेंदूवर शिकवला होता. डॉक्टरांनी औषध वाढवलं होतं, आणि ठेका जमला तेव्हा दर वेळी तो यंत्रानंच मोडला. कुणाला काही कळवावं लागलं नाही.

एके दिवशी दुपारी प्रांजली ऑफिसात असताना आईचा फोन आला.

"प्रांजली, कडं वाजलं."

"काय लिहून आलंय?"

"थांब, वाचते. 'उत्पला बघते आहे.'"

प्रांजलीनं मनात हिशेब केला. सुगतला आधी कळलं. त्यानं दाबलं नाही, जाऊ दिलं. उत्पलानं घेतलं. सगळं लिहिल्याप्रमाणे चाललं होतं.

"मग ती बघते आहे," ती म्हणाली.

"हो. तेच लिहिलं आहे." पलीकडे कड्यावर नखाचा टकटक आवाज आला. "मी सुगतले फोन लावू का?"

"नको. तो खाली बसला असेल. ती त्याच्याकडे निघाली असेल."

"तिले लावू?"

"तिलाही नको, आई. तिचे हात मोकळे असू देत."

"मग मी काय करू?"

"काही नाही."

"तेच म्हणते मी. सव्वीस वर्षं गाडीत, अन् पाच वर्षं ह्या कड्यावर, मी कधी 'काही नाही' केलं नाई. ते कसं करतात, ते सांग ना."

 प्रांजलीनं फोन तसाच कानाशी धरला.  पलीकडे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.

"आई, गॅस बंद कर."

"करते," सुलोचनाबाई म्हणाल्या. पण त्या उठल्याचा आवाज आला नाही, आणि तिसरी शिट्टी झाली.